झुंजदृश्ये, ऐतिहासिक चित्रपटांतील

झुंजदृश्ये, ऐतिहासिक चित्रपटांतील : सशस्त्र अथवा निःशस्त्र द्वंद्व, चकमक किंवा लढाई यांचे नटांच्या शारीरिक हालचालींतून घडविलेले आणि कॅमेऱ्याने टिपलेले चित्रण म्हणजे झुंजदृश्य. चित्रपटसमीक्षेत अशा दृश्यांचे दोन वर्ग करण्याची रूढी आहे. ज्या दृश्यांत शरीराच्या व शस्त्राच्या नैसर्गिक मर्यादा पाळलेल्या असतात ती वास्तवानुसारी आणि ज्यांत त्या बुद्ध्याच ओलांडलेल्या असतात ती अद्‌भुतरम्य होत. चीन, हाँगकाँग व जपान येथील युद्धकलाप्रधान चित्रपटांच्या संदर्भात हा भेद मुख्यतः चर्चिला गेला. मराठी प्रेक्षकाच्या दृष्टीने मात्र त्याचे खरे क्षेत्र शिवकालावरील ऐतिहासिक चित्रपट हे आहे. कारण ढाल-तलवार, पट्टा, विटा व भाला यांची स्वतःची युद्धकला महाराष्ट्रात नांदत आली आहे आणि तिच्यावर आधारलेल्या चित्रपटांची परंपरा शंभर वर्षांहून जुनी आहे. प्रस्तुत नोंदीत या परंपरेचा विचार केला असून शक्य तेथे ठाणे व कल्याण-डोंबिवली या परिसरातील उदाहरणे घेतली आहेत. शिवकालीन इतिहासाशी, मर्दानी खेळांच्या सार्वजनिक प्रदर्शनाशी आणि या चित्रपटांवरून झालेल्या अलीकडच्या वादाशी अशा तिन्ही अंगांनी या परिसराचा संबंध येतो.

वास्तव आणि अद्‌भुत यांतील सीमारेषा शक्याशक्यतेवरून आखली जाते. पण ही कसोटी अपुरी आहे. जे शक्य आहे ते पडद्यावर खोटे वाटू शकते आणि जे अशक्य आहे तेही मनाला खरे वाटू शकते. दोन नट एकमेकांच्या तलवारींवर नेमके प्रहार करीत असतील, तर त्यात निसर्गनियमांचा भंग नसतो. परंतु प्रतिपक्ष्याच्या अंगावर कोणीच वार करीत नाही, हे ध्यानात आले की ती झुंज राहत नाही, टिपऱ्यांचा खेळ होतो. याउलट, कसलेला पटाईत पट्टा फिरवू लागला म्हणजे त्याच्या गिरक्या व उड्या नवख्याला अशक्य कोटीतील वाटतात, तरी त्या सर्वस्वी खऱ्या असतात. म्हणून अधिक उपयुक्त प्रश्न निराळाच आहे : झुंजणाऱ्याला या झुंजीची काही किंमत मोजावी लागते का? त्याला शीण येतो का, जखम झाल्यावर त्याची चाल बदलते का, गेलेला वेळ परत न येणारा म्हणून जाणवतो का? ज्या दृश्यात ही किंमत दिसते त्यातील अतिशयोक्ती पचते. जेथे ती दिसत नाही तेथे शस्त्रास्त्रांचा व वेशभूषेचा बारीकसारीक अचूकपणाही व्यर्थ जातो.

जागतिक चित्रपटांत हा वाद जुना आहे. १९२८ मध्ये शांघाय येथे निघालेल्या द बर्निंग ऑफ द रेड लोटस टेंपल या मूकपटाने उडत्या तलवारबहाद्दरांची लाट आणली. पुढे १९४९ पासून हाँगकाँगमध्ये वाँग फेइ-हुंग या लोकप्रसिद्ध वैद्य-मल्लावरील चित्रपटमाला सुरू झाली. तीत दोरांवरील उड्डाणांऐवजी प्रत्यक्ष आखाड्यातील डावपेच दाखविण्याकडे कल होता. त्यानंतर हा लंबक सतत हलत राहिला. किंग हू याने अ टच ऑफ झेन (१९७१) मध्ये बांबूच्या बनातील झुंजीला जवळजवळ आध्यात्मिक रूप दिले, तर त्याच सुमारास ब्रूस ली याने जलद, थेट आणि वेदनादायक प्रहारांचे युग सुरू केले. अँग ली याच्या क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन (२०००) मध्ये पात्रे झाडांच्या शेंड्यांवरून तरंगतात. पण त्यांचे हे वजनरहित होणे त्यांच्या अपुऱ्या राहिलेल्या इच्छांशी इतके एकजीव झालेले आहे की, प्रेक्षक हरकत घेत नाही. अकिरा कुरोसावा याच्या सेव्हन सामुराय (१९५४) या चित्रपटातील शेवटची लढाई याच्या अगदी उलट टोकाची आहे. पाऊस, चिखल, घसरणारे पाय, धापा टाकणारी माणसे आणि लढता लढता कमी होत जाणारी संख्या यांमुळे तेथे प्रत्येक मृत्यू मोजला जातो. थोडक्यात, श्रेष्ठ कृती दोन्ही वर्गांत आहेत.

मराठीत वास्तववादी झुंज पाश्चात्त्यांकडून आली आणि अद्‌भुत झुंज हाँगकाँग वा हैदराबादकडून आली, असा समज अधूनमधून व्यक्त होतो. तो निराधार आहे. दोन्ही रीती मराठी परंपरेत चित्रपटांच्या कितीतरी आधीपासून होत्या आणि त्यांची वाहने दोन होती : बखर आणि पोवाडा. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसरे यांनी कोंढाणा घेतला, त्या प्रसंगाची दोन वर्णने शेजारी ठेवली म्हणजे हे स्पष्ट होते. सतराव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या सभासद बखरीत द्वंद्वाचे वर्णन अत्यंत थोडक्यात येते. तानाजींच्या डाव्या हातातील ढाल तुटली. दुसरी ढाल वेळेवर मिळाली नाही. तेव्हा त्यांनी डाव्या हातालाच ढाल करून त्यावर वार झेलले. शेवटी तानाजी आणि उदेभान दोघेही पडले. या बखरीत घोरपडीचा उल्लेखही नाही. शाहीर तुळशीदासाच्या पोवाड्यात मात्र कड्याला चिकटणारी घोरपड येते, किल्लेदाराचा चंद्रावळी नावाचा हत्ती येतो, सिद्दी हिलाल येतो आणि नायकाला एकामागून एक असे प्रचंड प्रतिस्पर्धी लोळवावे लागतात.

यांपैकी बखरीतील वर्णनाकडे अधिक लक्ष दिले जावयास हवे होते. तसे ते दिले गेलेले नाही. त्यात झुंजीचे सगळे शास्त्र आहे. साधन तुटते. मदत उशिरा पोचते. माणूस त्याही स्थितीत हाती उरलेल्या गोष्टीने लढत राहतो. हाताला शेला गुंडाळून तानाजी लढले, हा पाठ्यपुस्तकांतून व चित्रांतून रूढ झालेला तपशीलही याच जातीचा आहे. शिवाय शत्रू येथे हलका केलेला नाही. उदेभानही त्याच आवेशाने लढतो आणि तोही मरतो. विजय संपूर्ण असूनही गड आला पण सिंह गेला ही हळहळ लोकांच्या मनात टिकली, ती या तोलामुळे. प्रतिस्पर्धी तोलाचा नसेल, तर नायकाचे मरण अपघातासारखे वाटते.

पोवाड्यातील अद्‌भुत मात्र खोटे म्हणून टाकून देण्यासारखे नाही. तो संकेत आहे आणि तो श्रोत्याला ठाऊक असतो. शाहीर डफावर थाप मारून हत्ती पाडतो, तेव्हा श्रोत्याच्या डोळ्यांपुढे उभा राहणारा हत्ती हा त्याने स्वतः कल्पिलेला असतो. त्याचे वजन, त्याचे रक्त, त्याच्या पडण्याचा आवाज यांचा हिशेब कोणी मागत नाही. चित्रपट हा हिशेब टाळू शकत नाही. शब्दाने सांगितलेली अतिशयोक्ती गौरव ठरते; तीच डोळ्यांना दाखविली म्हणजे पुरावा ठरू पाहते. पोवाड्याची भाषा जशीच्या तशी पडद्यावर नेण्यात जो धोका आहे तो येथे आहे आणि मराठी ऐतिहासिक चित्रपटांच्या झुंजदृश्यांतील बहुतेक यशापयश याच एका बाबीशी येऊन थांबते.

शस्त्रांचा विचार येथे आवश्यक आहे. दांडपट्टा अथवा पट्टा हे लांब, सरळ, दुधारी व लवचिक पात्याचे शस्त्र असून त्याची मूठ पोकळ खोबळ्यासारखी असते व ती पंजा आणि मनगटापुढील हाताचा भाग झाकते. मनगट त्यात बांधल्यासारखे राहत असल्यामुळे तलवारीप्रमाणे मनगटाच्या हालचालीने वार करता येत नाही. तो कोपर, खांदा आणि कमरेच्या वळणातून निघतो व एका वारातून दुसरा वार उपजतो. थांबला की पटाईत उघडा पडतो. म्हणून एकट्याने अनेकांना दूर राखण्यासाठी हे शस्त्र विशेष सोयीचे आहे; पण त्याला भोवती मोकळी जागा लागते आणि ते फिरविणारा लवकर थकतो. फरीगदगा, लाठी, बोथाटी यांच्या सरावाबरोबर पट्ट्याचा सराव कोल्हापूरच्या आखाड्यांनी व तालमींनी जपला. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने दांडपट्ट्याला राज्यशस्त्र म्हणून घोषित केले. चित्रपटांत मात्र या शस्त्राची कुचंबणा होते. दिग्दर्शकाला ते नायकाच्या हाती हवे असते, पण त्याची लय सलग असल्यामुळे ते तुकड्यातुकड्यांनी चित्रित करता येत नाही. परिणामी पट्टा हाती घेतलेला नट पुष्कळदा तो तलवारीसारखाच चालविताना दिसतो.

सामान्य प्रेक्षकाला हा फरक कळत नाही, असे मानण्याचे कारण नाही. गुढीपाडव्याच्या दिवशी निघणाऱ्या नववर्ष स्वागतयात्रेची प्रथा १९९९ मध्ये डोंबिवलीत सुरू झाली आणि तेथून ती ठाणे, कल्याण व इतर शहरांत पसरली. या यात्रांत लेझीम व ढोलताशा यांबरोबर लाठीकाठी, तलवार व दांडपट्टा यांची प्रात्यक्षिके होतात. डोंबिवलीतील फडके रस्त्यासारख्या अरुंद व गर्दीच्या रस्त्यावर खेळाडूंभोवती मोकळे रिंगण राखावे लागते. त्या रिंगणाच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाला पात्याचा सूं असा आवाज ऐकू येतो, खेळणाऱ्या मुलीचा श्वास फुललेला दिसतो आणि शस्त्राचा पल्ला किती असतो हे तो आपोआप दोन पावले मागे सरकून शिकतो. पल्ला, श्वास आणि सलगता या तीन गोष्टी त्याने डोळ्यांनी पाहिलेल्या असतात. त्याच यात्रेत मागून येणाऱ्या चित्ररथावरचा गड कापडाचा आणि पुठ्ठ्याचा असतो. तो खोटा म्हणून मात्र कोणी तक्रार करीत नाही. माणसाचे अंग खरे हवे, गड कशाचाही चालेल, असा हा लोकांचा सहज विवेक आहे आणि चित्रपटनिर्माते नेमके याच्या उलट करताना दिसतात : गडाच्या उभारणीवर अमाप खर्च होतो आणि माणसाची हालचाल संगणकावर सोपविली जाते.

महाराष्ट्रातील ऐतिहासिक चित्रपटांची परंपरा कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत रुजली. बाबूराव पेंटर यांचा सिंहगड (१९२३) हा हरि नारायण आपटे यांच्या गड आला पण सिंह गेला या कादंबरीवर आधारलेला होता. त्यात स्वतः बाबूरावांनी शिवाजी महाराजांची व व्ही. शांताराम यांनी शेलारमामांची भूमिका केली आणि रात्रीच्या दृश्यांसाठी कृत्रिम प्रकाशयोजना वापरण्यात आली. त्यानंतर आलेला कल्याण खजिना (१९२४) कल्याणशी निगडित आहे. ऑक्टोबर १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि पुढे कल्याणच्या खाडीकाठी दुर्गाडी किल्ला व आरमाराचा उद्योग उभा राहिला. याच काळाशी जोडलेली, कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेला सन्मानाने परत पाठविल्याची कथा सर्वश्रुत आहे. तिच्या ऐतिहासिकतेविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. या कथेतील पराक्रम शस्त्राचा नसून संयमाचा आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. या चित्रपटाला वेम्ब्ली येथील प्रदर्शनात पदक मिळाले.

पुढे पडद्यावरील तलवारबाजीचा पर्याय-शब्द बनलेले मास्टर विठ्ठल हे याच कंपनीत घडले. कल्याण खजिनामध्ये त्यांनी नर्तकीचे काम केले, असे सांगितले जाते. मुंबईच्या शारदा फिल्म कंपनीच्या साहसपटांनी त्यांना लोकप्रियता दिली आणि भारताचा डग्लस फेअरबँक्स ही ओळख मिळवून दिली. आलम आरा (१९३१) या पहिल्या भारतीय बोलपटाचे ते नायक होते. त्या काळातील बहुसंख्य मूकपट नष्ट झाल्यामुळे त्यांच्या झुंजदृश्यांविषयी तपशिलाने लिहिणे अवघड आहे. तरीही एक गोष्ट सांगता येते : बहुधा एका जागी रोवलेल्या कॅमेऱ्यासमोर, नखशिखान्त दिसणाऱ्या नटाला उडी स्वतःच मारावी लागे. हे तंत्रज्ञानाचे दारिद्र्य होते आणि त्याच दारिद्र्याने त्या दृश्यांना एक प्रकारची प्रामाणिकता दिली.

भालजी पेंढारकरांनी ही परंपरा बोलपटांत चालविली. नेताजी पालकर (१९३९), छत्रपती शिवाजी (१९५२), पावनखिंड (१९५६), मोहित्यांची मंजुळा (१९६३), मराठा तितुका मेळवावा (१९६४) आणि गनिमी कावा (१९८१) असा त्यांचा विस्तीर्ण पट आहे. चंद्रकांत मांडरे यांच्यासारखे तालमीत शरीर कमावलेले नट त्यांना लाभले. भालजींच्या चित्रपटांचे खरे सामर्थ्य मात्र संवादांत आहे. झुंज ही त्यांच्याकडे वाक्यांतून आधीच जिंकलेली असते आणि तलवारी त्यावर शिक्कामोर्तब करतात. त्यामुळे तलवारीवर तलवार आपटण्याचा वर उल्लेखिलेला दोष त्यांच्याही काही दृश्यांत आढळतो. प्रेक्षकांनी तो सहज माफ केला. नाटकाची सवय हे त्याचे एक कारण असावे. रंगभूमीवर चार-सहा हातांत द्वंद्व आटोपावे लागते. ठाण्याचे गडकरी रंगायतन (१९७८) असो की अन्य कोणते नाट्यगृह, पहिल्या रांगेतील प्रेक्षकाला लाकडी तलवारीचा आवाज लाकडाचाच ऐकू येतो आणि तरीही त्याचा रसभंग होत नाही.

२०१८ नंतर शिवकालीन चित्रपटांची नवी लाट आली. दिग्पाल लांजेकर यांचे फर्जंद (२०१८), फत्तेशिकस्त (२०१९), पावनखिंड (२०२२), शेर शिवराज (२०२२) आणि सुभेदार (२०२३) हे चित्रपट तिच्या मध्यभागी आहेत. यांपैकी पहिल्या दोहोंचे विषय वास्तवानुसारी झुंजीला स्वभावतः अनुकूल होते. कोंडाजी फर्जंद यांनी १६७३ मध्ये साठ माणसांनिशी रात्री पन्हाळा घेतला. एप्रिल १६६३ मध्ये लाल महालात शायिस्ताखानावर छापा घातला गेला. दोन्ही ठिकाणी यश हे बातमी, अंधार, वेळ आणि माघारीची वाट यांच्या हिशेबावर अवलंबून होते. हे चित्रपट जेथवर या हिशेबात रमतात तेथवर ते पकड घेतात. प्रत्यक्ष हाणामारी सुरू झाली की, मंदगती चित्रण, क्षणाक्षणाला तुटणारे संकलन आणि वाद्यांचा कल्लोळ यांचा आश्रय घेतला जातो आणि कोण कोठे उभा आहे, हे कळेनासे होते.

येथे एक मूलभूत विसंगती नोंदविली पाहिजे. शिवकालीन युद्धनीतीचा गाभा गनिमी कावा हा आहे. आपली माणसे थोडी, साधने अपुरी आणि शत्रू प्रबळ, या कठोर जाणिवेतून तो जन्मला. नको तेथे लढाई टाळणे, हवी तेथे शत्रूला आणणे, डोंगर, पाऊस व रात्र यांना आपल्या बाजूने उभे करणे हे त्याचे मर्म. ज्या नायकाला एकट्याने शंभर जण लोळविता येतात, त्याला गनिमी काव्याची गरजच काय? अद्‌भुतरम्य झुंज ही शिवकालाच्या बाबतीत केवळ अभिरुचीचा प्रश्न राहत नाही, ती या कारणाने. ती गौरव करावयास जाते आणि ज्या बुद्धीचा गौरव करावयाचा तीच अनावश्यक ठरविते.

ओम राऊत दिग्दर्शित तान्हाजी : द अनसंग वॉरियर (२०२०) या हिंदी चित्रपटात ही विसंगती ठळक दिसते. तंत्रदृष्ट्या तो या लाटेतील सर्वांत सफाईदार चित्रपटांपैकी एक असून अडुसष्टाव्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्याला लोकप्रिय चित्रपटाचा व अजय देवगण यांना विभागून अभिनयाचा पुरस्कार मिळाला. कोंढाण्यावर आणलेली नागीण नावाची महाकाय तोफ ही त्यातील कल्पित भर होय. उदेभान हा येथे प्रतिस्पर्धी कमी आणि राक्षस अधिक आहे. बखरीने त्याला दिलेला तोल पटकथेने काढून घेतला आहे. नायकाचा हात तुटतो. सभासदाच्या वर्णनातील वार झेलणाऱ्या हाताचाच हा वाढविलेला अवतार म्हणता येईल. परंतु तुटलेल्या हाताने लढणाऱ्याची गती पूर्ववतच राहिली, तर हात गेल्याचा अर्थ काय उरतो? तुटकी ढाल पुरेशी होती. ती अधिक भयंकरही होती. कारण दुसरी ढाल येईल अशी आशा तिच्यात होती आणि ती आली नाही.

घोडखिंडीचा प्रसंग आणखी नाजूक आहे. १३ जुलै १६६० रोजी, पन्हाळ्याहून रात्रभर पावसात केलेल्या वाटचालीनंतर, बाजीप्रभू देशपांडे आणि बांदलांची तुकडी यांनी सिद्दी जौहरच्या पाठलाग करणाऱ्या फौजेला खिंडीत रोखून धरले आणि महाराज विशाळगडाकडे गेले. विशाळगडालाही शत्रूचा वेढा होता व तो फोडून वर जावे लागले. म्हणजे खिंडीत लढणाऱ्यांना किती वेळ उभे राहावयाचे हे माहीत नव्हते. परंपरेने सांगितलेल्या तोफांच्या इशाऱ्याचे महत्त्व या अनिश्चिततेत आहे. ही लढाई जिंकावयाची नव्हती, लांबवावयाची होती. तिचा विषय वेळ हा आहे आणि वेळेचे शरीरावर उमटणारे रूप म्हणजे शीण. आधीच रात्रभर चिखल तुडवून आलेली माणसे पट्ट्यासारखे दमविणारे शस्त्र हाती घेऊन उभी आहेत, एवढे जरी दिग्दर्शकाने विसरू दिले नाही, तरी दृश्य उभे राहील. लांजेकरांच्या पावनखिंडमध्ये पावसातील वाटचाल ही जमेची बाजू असून अजय पुरकर यांचे बाजीप्रभू जखमांनी जड होत जातात. मंदगती चित्रणाने मात्र हाच शीण पुसला जातो. मंदावलेली प्रत्येक उडी सुंदर दिसते, आणि सुंदर दिसणारा माणूस थकलेला दिसत नाही.

अभिजित देशपांडे दिग्दर्शित हर हर महादेव (२०२२) याच प्रसंगावर आधारलेला असून त्यात सुबोध भावे यांनी शिवाजी महाराजांची व शरद केळकर यांनी बाजीप्रभूंची भूमिका केली. मोजक्या माणसांनी अफाट फौजेचा संहार करण्याचे त्याचे चित्रण पूर्णतः पोवाड्याच्या, किंबहुना ३०० (२००६) या अमेरिकन चित्रपटाच्या वळणाचे आहे. इतिहासाच्या विपर्यासाचे आक्षेप त्यावर घेतले गेले. महाराज आणि बाजीप्रभू यांच्यातील संघर्षाचे चित्रण हा त्यांपैकी एक होता. ७ नोव्हेंबर २०२२ च्या रात्री ठाण्यातील तत्कालीन विवियाना मॉलमधील चित्रपटगृहात एका राजकीय पक्षाच्या नेत्यांनी व कार्यकर्त्यांनी त्याचा खेळ बंद पाडला, एका प्रेक्षकास मारहाण झाल्याची तक्रार झाली, दुसऱ्या पक्षाने तो खेळ पुन्हा सुरू करविला आणि पुढे अटक व जामीन असे प्रकार घडले. पडद्यावरील झुंजीच्या खरेखोटेपणावरून प्रेक्षागृहात प्रत्यक्ष हातघाई व्हावी, ही घटना समीक्षकाला हसण्यावारी नेता येत नाही. खेळ बंद पाडणे हे कोणत्याही आक्षेपाचे उत्तर होऊ शकत नाही, हे उघड आहे. परंतु लोक चित्रपटातील द्वंद्वाला साक्ष मानू लागले आहेत, हेही तितकेच उघड आहे. तुळशीदासाच्या हत्तीवरून कोणी भांडण केले नाही. चित्रपट आरंभी सत्य इतिहासाचा दावा करतो, मध्यंतरापर्यंत पोवाडा होतो आणि हरकत आली की कलावंताच्या स्वातंत्र्याकडे बोट दाखवितो. अशा कृतीला संकेताचे संरक्षण मिळणे कठीण आहे. आपण बखर सांगत आहोत की पोवाडा गात आहोत, हे दिग्दर्शकाने आपल्या दृश्यरचनेतूनच सुचवावयास हवे. प्रारंभी दाखविलेल्या चार ओळींच्या निवेदनाने ते साधत नाही.

निर्मितीच्या अडचणी यात नाहीत असे नाही. वास्तवानुसारी झुंज ही अद्‌भुतापेक्षा महाग पडते. कारण तिला पैशांपेक्षा दिवस अधिक लागतात. दोन नटांना एक सलग मिनिट पट्टा व तलवार चालविता यावी, यासाठी त्यांनी कित्येक आठवडे आखाड्यात घालविले पाहिजेत, आणि मराठी चित्रपटाच्या आर्थिक चौकटीत नटाचे इतके दिवस मिळत नाहीत. मग तोतया झुंजकलावंत, दोर आणि संगणक यांवर भिस्त ठेवावी लागते. चुकीच्या पडण्याने खरोखर हाड मोडते ते या अनाम झुंजकलावंताचे; श्रेयनामावलीत त्याचे नाव वाचण्याइतका वेळ प्रेक्षक थांबत नाही. मर्दानी खेळांचे जाणकार बहुधा शस्त्र कसे धरावे एवढ्यापुरतेच बोलावले जातात. दृश्याची आखणी त्यांच्या हाती दिल्यास पट्ट्याची सलग लय पडद्यावर येण्याची शक्यता आहे.

लक्ष्मण उतेकर दिग्दर्शित छावा (२०२५) या, शिवाजी सावंत यांच्या १९७९ च्या कादंबरीवर आधारलेल्या हिंदी चित्रपटात दोन्ही रीती एकत्र नांदतात. आरंभीच्या भागात नायक सिंहाशी झुंजून त्याचा जबडा फाडतो. हे सरळसरळ पोवाड्याचे रूपक आहे आणि प्रेक्षक ते तसेच स्वीकारतो. शेवटची झुंज मात्र संगमेश्वरची आहे. फेब्रुवारी १६८९ मध्ये मुकर्रबखानाने तेथे संभाजी महाराजांना पकडले, हे प्रत्येक मराठी माणसाला ठाऊक असल्यामुळे दिग्दर्शकाला येथे हवा तसा शेवट करण्याची मुभा नव्हती. नायक कितीही लढला तरी सोबतचे एकेक जण पडत जातात, भोवतालचे रिंगण आवळत जाते, साखळदंड पडतात आणि हात खाली येतात. चित्रपटगृहात सिंहाच्या दृश्याला शिट्ट्या वाजल्या. संगमेश्वरच्या वेळी लोक गप्प बसून होते.